दुसऱ्याच्या नावाला दिलेली ओ

ताई, नमस्कार. मी 14 जणांच्या टीमचा प्रमुख आहे. गेल्या महिन्यात ऑफिसात पूर्वग्रहांवर एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. ट्रेनरने सुरुवातच अशी केली की, ‘या खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात थोडाफार वांशिक पूर्वग्रह आहे.’ माझं डोकंच फिरलं. वंशावरून मी आयुष्यात कोणाला वेडंवाकडं बोललेलो नाही. माझ्या मनात कोणाबद्दल काही काळंबेरं नाही. घरी येऊन इरेला पेटून मनातला छुपा कल मोजणारी ती प्रसिद्ध ऑनलाइन चाचणी (इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट) दिली, तर निकाल आला : गोऱ्या चेहऱ्यांकडे मध्यम कल. ताई, मी स्वतः गोरा नाही! मग ही चाचणी मोजते तरी काय?

दुसरं असं की, टीममध्ये दोघं नवीन आलेत. एकाच वंशाचे, पण दोन वेगळ्या देशांतले. मी एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो. महिन्याभरात तीनदा झालं. परवा चौथ्यांदा झालं, तेव्हा त्याने मला दुरुस्तही केलं नाही. दुसऱ्याच्या नावाला ओ दिली आणि समोर येऊन उभा राहिला. तेव्हापासून मला चैन नाही. आता हेही सांगतो की ते दोघं आपसात आमच्या बोलण्याची नक्कल करून हसतात, मी ऐकलंय. मग पूर्वग्रह फक्त माझाच का मोजायचा? पुढच्या महिन्यात सगळ्यांचे वार्षिक अहवाल लिहायचे आहेत. खरं सांगा, सगळेच असे असतात? की मीच वंशवादी आहे?

– एक अस्वस्थ टीम लीडर (पत्र संक्षिप्त केलं आहे)

नमस्कार.

चाचणीचं नंतर बघू. आधी त्या चौथ्या हाकेचं.

पहिल्या तीन वेळा त्याने तुम्हाला सांगितलं असणार, ‘सर, मी तो नाही.’ हसत सांगितलं असणार, कारण साहेबाची चूक साहेबाला दाखवताना हसावं लागतं. तुम्ही ‘अरे सॉरी, सॉरी’ म्हणाला असाल, आजूबाजूच्या चार माना वर झाल्या असतील, आणि मग ‘असू द्या सर, होतं असं’ म्हणत उलट त्यालाच तुमची समजूत काढावी लागली असेल. चौथ्या वेळी त्याने हे सगळं टाळलं. नाव कोणाचंही असो, बोलावलंय आपल्याला, एवढं त्याला कळलं. तो आला. हा हिशोब त्याने तुमच्या ऑफिसात बसून मांडलेला नाही, असं मला वाटतं. तो आधीच कुठेतरी, कदाचित शाळेत असतानाच, मांडून झालेला आहे. तुम्हाला चैन पडत नाही ते ठीकच आहे. पडू नये.

आता घोटाळा का होतो ते. यामागे एक भरपूर अभ्यासलेलं कारण आहे आणि ते निदान अर्धं तरी तुमच्या बाजूचं आहे. लहानपणापासून ज्या तऱ्हेचे चेहरे सभोवती असतात, त्यांतले बारकावे डोळा शिकतो : दोन भुवयांमधलं अंतर, हनुवटीचा कोन, हसताना पडणारी एका बाजूची घडी. ज्या तऱ्हेचे चेहरे फारसे पाहिलेले नसतात, तिथे नजर रंग आणि केसांवर अडते आणि तिथेच थांबते. हे जगभरच्या, सगळ्या वंशांच्या माणसांत आढळलं आहे. म्हणजे त्या दोघांनाही तुम्ही आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी सारखेच दिसत असाल. फरक इतकाच की तुमचं नाव चुकवणं त्यांना परवडत नाही. म्हणून ते कष्ट घेऊन लक्षात ठेवतात. तुम्हाला आजवर ते कष्ट घ्यावे लागले नाहीत.

हे जन्मजात आहे, असं म्हणून मात्र सुटता येणार नाही. ब्रिटनमध्ये 2005 साली झालेल्या एका अभ्यासात नवजात बाळं कोणत्याही एका वंशाच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघताना दिसली नाहीत. तीन महिन्यांची बाळं मात्र घरच्यांसारख्या चेहऱ्यांकडे जास्त बघत होती. पुढच्या वर्षी इस्रायलमध्ये, इथिओपियाहून आलेल्या कुटुंबांतल्या आणि काळ्या-गोऱ्या अशा दोन्ही तऱ्हेच्या चेहऱ्यांत वाढणाऱ्या बाळांची पाहणी झाली. त्यांच्यात असा कल दिसला नाही. मला सगळ्यात बोलका वाटतो तो दत्तक मुलांचा अभ्यास. कोरियात जन्मलेली आणि तीन ते नऊ या वयात युरोपीय कुटुंबांत दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर तपासली, तेव्हा त्यांना युरोपीय चेहरे पूर्व आशियाई चेहऱ्यांपेक्षा चांगले ओळखता येत होते. आरशात रोज दिसणारा चेहरा एका तऱ्हेचा आणि डोळ्याला पडलेलं वळण दुसऱ्या तऱ्हेचं. म्हणजे वळण पडतं, आणि मूल बऱ्यापैकी मोठं होईपर्यंत बदलतंही. जित्याची खोड म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

उरलेलं अर्धं कारण तुमच्या बाजूचं नाही. ते डोळ्यांचं नसून मनाच्या फडताळाचं आहे : कोणाला कोणत्या खणात ठेवलंय, याचं. अमेरिकेत 2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगते. दोन बास्केटबॉल संघांतल्या खेळाडूंची बाचाबाची फोटो आणि वाक्यांतून लोकांना दाखवली. दोन्ही संघांत दोन्ही वंशांचे खेळाडू होते. नंतर विचारलं, कोण काय म्हणालं? लोक चुकले, आणि मजा चुकांच्या दिशेत होती. एका काळ्या खेळाडूचं वाक्य दुसऱ्या काळ्या खेळाडूच्या नावावर जायचं, गोऱ्याचं गोऱ्याच्या. मग संघांना वेगवेगळ्या रंगांचे शर्ट घातले. आता चुका संघाप्रमाणे होऊ लागल्या आणि वंशाप्रमाणे होणाऱ्या चुका कमी झाल्या. चार मिनिटंही लागली नाहीत त्याला. कोण कोणाच्या बाजूचा आहे हे डोळ्यांना दिसलं, की मनाने फडताळ बदललं.

तुमचं मूळ पत्र साडेतीन पानी आहे. त्यात टीममधली माणसं कशी छान उतरली आहेत! एक जण रोज उशिरा येतो, पण कामात चोख. एकीला सगळे आकडे तोंडपाठ. एक असा, की मीटिंगमध्ये त्याने विनोद केला की विषय गेलाच. ते दोघं मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘ते दोघं’. मी मोजलं, 11 वेळा. देश वेगळे आहेत हे तुम्ही लिहिलंत, पण कोण कुठला ते लिहिलं नाहीत. कोण काय काम करतो, तेही नाही. नावांचा घोटाळा तुमच्या जिभेवर होण्याच्या आधी कुठे होतोय, ते यातून दिसतं.

आता मूळ प्रश्न. सगळेच असे असतात का?

‘सगळ्यांतच असतं’ हे वाक्य मला खरं वाटतं आणि आवडत नाही. खरं का, ते आधी सांगते. पॅट्रिशिया डिव्हाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1989 साली दाखवलं की, ज्यांच्या मनात पूर्वग्रह घट्ट आहेत आणि ज्यांच्या मनात ते फारसे नाहीत, अशा दोघांनाही वंशांबद्दलच्या ठरीव समजुती सारख्याच पाठ असतात. जाहिरातीसारखं आहे हे. साबण आवडत नसला, कधी विकत घेतला नसला, तरी गाणं तोंडपाठ असतं, आणि पहिला शब्द ऐकला की पुढचं आपोआप येतं. कोणी मुद्दाम शिकवलं नाही, आपण मागितलं नाही, तरी आत येऊन बसलंय. या अर्थाने हो, माणसांत वाढलेल्या जवळपास प्रत्येकाकडे ते असतं. माझ्याकडेही आहे. फरक पडतो तो पुढच्या क्षणी. गाणं वाजायला लागल्यावर कोणी त्याच्यामागे गुणगुणत जातो, कोणी स्वतःला थांबवतो. थांबवायला थोडा वेळ आणि थोडं लक्ष लागतं, म्हणून दमलेला, घाईतला, दहा कामं एकदम हातात घेतलेला माणूस जास्त चुकतो. तुमच्या चारही हाका दिवसाच्या कोणत्या वेळच्या होत्या, आठवून बघा.

भाषेचंच घ्या. ‘माझ्या मनात काळंबेरं नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. वाईटाला आपण काळं म्हणतो : काळी कृत्यं, काळा पैसा, तोंड काळं करणं. आता यावर लगेच बोट ठेवून ‘बघा, पकडलं’ म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. अंधाराची भीती माणसाच्या कातडीच्या रंगाहून जुनी आहे, आणि हे शब्द त्या भीतीतून आले असावेत. मला जास्त टोचतो तो एक साधा ‘पण’. ‘काळी आहे, पण नाकीडोळी नीटस.’ हे वाक्य बोलणारी बाई प्रेमळ असते, कौतुकच करत असते. त्या ‘पण’ने काय केलं, हे तिला कोणी सांगितलं तर ती दुखावेल. तुम्ही ट्रेनरवर चिडलात तशीच.

वाक्य आवडत नाही ते यासाठी, की ‘सगळ्यांत’ म्हटलं की माप हरवतं. एकाच्या मनात ओळ उमटते आणि त्याला तिची शरम वाटते. दुसरा तीच ओळ चारचौघांत म्हणतो. तिसरा तिच्यावर कायदा रचतो, माणसांना बाकांवरून, बसमधून, मतपेटीपासून हटवतो. या तिघांना एका तराजूत टाकणारं वाक्य शास्त्राच्या नावाने बोललं, तरी आळशीच. शिवाय त्याचा उपयोग कसा होतो ते मी पाहिलंय. ट्रेनिंग संपतं, चहा येतो आणि कोणीतरी हसत म्हणतं, ‘चला, आपण सगळेच तसले निघालो.’ संपलं. बाहेर पडताना सगळ्यांचे खांदे आत येतानापेक्षा हलके असतात.

तुमच्या चाचणीकडे येते. 1998 साली मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली, आणि महझरीन बानाजी वगैरे संशोधकांबरोबर ती सर्वांसाठी ऑनलाइन खुली केली. तुम्ही ती दिलीच आहे, तेव्हा आठवत असेल : एकदा गोरे चेहरे आणि चांगले शब्द एका कळीवर, काळे चेहरे आणि वाईट शब्द दुसरीवर, मग जोड्यांची उलटापालट. कोणत्या जोडीला बोट किती अडखळतं, ते सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. म्हणजे ती मनातल्या कोणत्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत ते मोजते. द्वेष मोजत नाही, हेतू तर नाहीच.

आणि तुम्ही गोरे नसताना कल गोऱ्यांकडे कसा? मला विचाराल तर तुमच्या पत्रातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. पूर्वग्रह म्हणजे आपल्या माणसांची ओढ, अशी आपली सोयीची समजूत असते. तसं असतं तर तुमचं बोट दोन्हीकडे सारखंच चाललं असतं, कारण त्या चित्रांत तुमचं कोणीच नव्हतं. तुमच्याकडे ते बाहेरून आलंय. याच चाचणीत गोऱ्या अमेरिकनांचा कल मोठ्या प्रमाणात गोऱ्यांकडे दिसतो, पण काळ्या अमेरिकनांचे निकाल मात्र दोन्ही बाजूंना विखुरतात. 1940च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे रंग सोडून बाकी सारख्या बाहुल्या ठेवल्या. छान बाहुली कोणती, वाईट दिसणारी कोणती, असं विचारत गेले. बहुतेकांनी छान म्हणून गोरी बाहुली उचलली. नंतर विचारलं, ‘तुझ्यासारखी कोणती?’ काही मुलं तिथे रडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली शाळांमधली वंशावरची विभागणी रद्द केली, त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. जे स्वतःच्याच विरुद्ध पाठ होतं, ते तुमच्या-माझ्या डोक्यात बसायला कितीसा वेळ?

पण या निकालाचा कागद करून खिशात ठेवू नका. तोच माणूस काही आठवड्यांनी बसला तर आकडा हलतो. एकेका माणसाचं निदान करायला ही चाचणी वापरू नये, असं ती बनवणारेच सांगतात. 2019 साली सुमारे 500 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की असे आकडे थोडेफार बदलवता येतात, पण आकडा बदलला म्हणून वागणं बदललं, असं होत नाही. म्हणून मन घासूनपुसून लख्ख करायच्या मागे लागू नका. मी वंशवादी आहे की नाही याचा दाखला तुम्ही माझ्याकडे मागताय. तो मी देणार नाही. शिक्का माझ्याकडे नाही, आणि असता तरी ‘नाही’ असा शिक्का मिळालेला माणूस पुढच्याच वळणावर गाफील होतो, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे.

माझंच सांगते. एका कार्यक्रमानंतर दुसऱ्या वंशाच्या एका वक्त्या बाईंना मी मनापासून म्हटलं, ‘तुमचं बोलणं किती स्वच्छ आहे हो!’ त्या क्षणभर थांबल्या आणि तितक्याच गोडीने म्हणाल्या, ‘तुमचंही.’ घरी पोचेपर्यंत मला ते कळलं नव्हतं. कळलं तेव्हा कानशिलं तापली. कौतुक करण्याइतकं मला त्यात नवल का वाटलं होतं? त्या बाईंना मी पुन्हा भेटले नाही. भेटले असते तरी माफी मागून त्यांच्याकडून ‘असू द्या’ वसूल केलं असतं, एवढंच.

नकलेचा मुद्दा. हो, त्यांच्याही मनात पूर्वग्रह असू शकतो. दुबळ्या बाजूला असल्याने कोणी संत होत नाही, आणि ती नक्कल तुम्हाला लागली असेल तर ते खोटं नाही. (अर्थात नवीन जागी भांबावलेली दोन माणसं साहेबाच्या लकबींवर हसतात, तेव्हा त्यात वंश किती आणि साहेब किती, हे ठरवणं अवघड आहे. माझ्या पहिल्या साहेबांची नक्कल मी अजून करून दाखवते.) पण पूर्वग्रहाची किंमत ठरते ती पेन कोणाच्या हातात आहे त्यावर. ते हसले, तर तुमची पगारवाढ थांबत नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले होते. अर्ज त्याच दर्जाचे. नावं मात्र काही गोऱ्यांची वाटणारी, काही काळ्यांची वाटणारी. गोऱ्या नावांना 50 टक्के जास्त बोलावणी आली. अर्ज बाजूला ठेवणाऱ्या त्या माणसांपैकी किती जण स्वतःला पूर्वग्रहदूषित म्हणवून घेतील?

तुमच्या हातात पुढच्या महिन्यात तेच पेन आहे, म्हणून शेवटचं आणि कामाचं. डोव्हिडियो आणि गार्टनर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना उमेदवार निवडायला लावले होते, एकदा 1989 साली आणि पुन्हा दहा वर्षांनी. उमेदवार उघड उत्तम असला की वंशाने फरक पडत नव्हता. उघड सुमार असला तरीही नाही. फरक पडत होता तो मधल्या, इकडेही नाही तिकडेही नाही अशा उमेदवारांत. तिथे गोऱ्याला संशयाचा फायदा मिळत होता, काळ्याला नव्हता. दहा वर्षांत तोंडाने कबूल केलेला पूर्वग्रह कमी झाला होता. मधल्या उमेदवारांबाबतचा फरक तसाच होता.

तुमचे 14 अहवाल बहुतेक याच मधल्या पट्ट्यातले असणार. तेव्हा नाव वर लिहून सुरुवात करू नका. आधी कोणत्या कामाला किती वजन, ते कागदावर ठरवा आणि मग ते कोणासाठीही हलवू नका. अहवाल सकाळी, डोकं ताजं असताना लिहा. संध्याकाळी सहाला ‘उरलेले दोन’ उरकायचे म्हणून नव्हे, आणि ते उरलेले दोन कोण असतील ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. लिहून झाल्यावर नुसती विशेषणं वेगळी काढून वाचा. कोणाला ‘धडाडीचा’ मिळालंय, कोणाला ‘शांत, कष्टाळू’. एकाच चुकीला कुठे ‘घाई झाली’ म्हटलंय आणि कुठे ‘निष्काळजीपणा’.

त्या सहकाऱ्याची माफी एकदाच मागा, एका वाक्यात, दार लावून किंवा चालता चालता. चाचणी, ट्रेनिंग, तुमची बेचैनी यातलं काही त्याला ऐकवू नका. तुम्हाला सावरण्याचं काम त्याने पुष्कळ केलंय. मग त्याच्याशी कामाचं बोला, दुसऱ्याशी वेगळं बोला, वेगळ्या दिवशी. चेहरा लक्षात राहायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्या माणसाकडून काहीतरी शिकून घेणं. पुन्हा जीभ घसरली तर नाव दुरुस्त करून तेच वाक्य पुढे चालू ठेवा.

आणि अहवाल पाठवण्यापूर्वी वर्षभराच्या कामाच्या नोंदी उघडा. चार हाका चुकल्या, त्या तुम्हाला ऐकू आल्या. एकाने केलेलं काम दुसऱ्याच्या नावावर चढलेलं नाही ना, ते एक-एक ओळ लावून तपासा.